आलेला माणूस सुखरूप परतावा

वाचकहो, गाणेबजावणे कोणाला आवडत नाही? गावात हरिनाम सप्ताह बसतो. जत्रेत तमाशाचा फड उभा राहतो. कोकणात भजनाची डबलबारी रंगते. दोन बुवा समोरासमोर बसतात, पखवाज घुमू लागतो आणि वेळ कसा गेला ते कळत नाही. शहरांत तर गाण्याचे उत्सव मोठमोठ्या मैदानांवर होतात.

अशा ठिकाणी माणसे विश्वासाने येतात. सोबत म्हातारी आई असते, कडेवर लेकरू असते. ज्यांनी बोलावले त्यांनी सोय केली असेलच, असे त्यांना वाटते. हा विश्वास राखणे हे बोलावणाऱ्याचे काम आहे. ते कसे करावे, हे या पाठात आम्ही सांगणार आहोत.

खारघरला काय झाले

तारीख १६ एप्रिल २०२३. वार रविवार. नवी मुंबईत खारघरच्या मोठ्या मैदानावर सरकारी समारंभ होता. निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार द्यायचा होता. त्यांना मानणारे लाखो लोक गावोगावहून आले. कित्येक जण आदल्या दिवशीच येऊन थांबले होते.

पाहुण्यांच्या व्यासपीठावर छप्पर होते. समोर बसलेल्या लोकांच्या डोक्यावर मात्र काही नव्हते. समारंभ भर दुपारपर्यंत चालला. लोक श्रद्धेने बसून राहिले. पुष्कळांना चक्कर आली, उलट्या झाल्या. त्या दिवसाने १४ जणांचा बळी घेतला.

मृतांच्या वारसांना सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले. दुपारी १२ ते ५ या वेळात भर उन्हाळ्यात उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असेही मग ठरले. पण गेलेले माणूस कशानेही परत येत नाही.

तो कार्यक्रम गाण्याचा नव्हता. पण उघडे मैदान, मोठी गर्दी आणि लांबलेली वेळ या तीन गोष्टी गाण्याच्या कार्यक्रमातही असतातच. म्हणून आपण तिथून शिकले पाहिजे.

३८ अंशांत माणूस कसा दगावतो?

त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर ३८ अंश उष्णता नोंदली गेली. विदर्भातला माणूस म्हणेल, "आमच्याकडे ४५ अंश होतं. ३८ म्हंजे काय मोठंसं?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर घामात आहे.

आपले अंग तापले की घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते असेच. विदर्भातली हवा कोरडी असते, तिथे घाम लवकर वाळतो. नवी मुंबई खाडीकाठी आहे. तिथली हवा दमट. ओले धोतर पावसाळ्यात वाळत नाही, तसा दमट हवेत घाम वाळत नाही. तो नुसता गळत राहतो आणि अंग आतून तापत जाते. वर डोक्यावर ऊन आणि भोवती माणसांची दाटी असली, की वाराही लागत नाही. अंगातली उष्णता ४० अंशांवर गेली की जीव धोक्यात येतो. यालाच उष्माघात म्हणतात.

म्हणून नुसता आकडा पाहून भागत नाही. सावली आहे का, वारा आहे का आणि माणूस किती वेळ बसणार आहे, हेही पाहावे लागते.

उष्माघात झालेला माणूस असा ओळखावा: डोके फार दुखते, उलटी होते, अंग भाजल्यासारखे तापते, तो असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा वेळी भोवती गर्दी करू नये. पुढील कामे झटपट करावीत.

१. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. फोनला पैसे पडत नाहीत.
२. त्याला लगेच सावलीत न्यावे. कपडे सैल करावेत.
३. अंगावर पाणी शिंपडावे आणि जोरजोराने वारा घालावा. मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी ठेवावीत.
४. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. पाणी श्वासनळीत जाऊन तो गुदमरेल.

नुसता थकलेला, घामाने निथळलेला माणूस असेल, तर त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. हे प्रमाण पाठच करून ठेवा.

आता कार्यक्रम ठरवतानाच विचार करू. उन्हाळ्यात गाणे सुरू करावे ते ऊन उतरल्यावर. रात्री १० वाजल्यापासून सकाळी ६ वाजेपर्यंत उघड्यावर कर्णा लावायला कायद्याने बंदी आहे. सरकार वर्षातले थोडे दिवस १२ वाजेपर्यंत सूट देते, तेवढीच. म्हणजे संध्याकाळी ६ ते १० ही वेळ उत्तम. दिवसाच घ्यायचा असेल, तर आधी श्रोत्यांवर मांडव घाला, मग व्यासपीठाचे बघा. पाणी एका कोपऱ्यात ठेवू नका. गर्दीतून उठून तिथवर कोणी जात नाही. चारी बाजूंना पाणी ठेवा आणि मधूनमधून स्वयंसेवकांनी ते बसल्या जागी फिरवावे. विहिरीचे किंवा टँकरचे पाणी असेल, तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्यावी.

मैदानात माणसे किती मावतात?

"मावतील तेवढी," असे म्हणू नका. आपण आता हिशेब शिकलो आहोत. तो इथे कामाला येतो.

जमिनीवर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात दोन माणसे मांडी घालून नीट बसतात. उभी असतील तर चार माणसे बरी उभी राहतात. सहा-सात झाली की माणसाला स्वतःच्या मर्जीने हलता येत नाही. गर्दी नेईल तिकडे तो जातो.

चेंगराचेंगरीत माणूस तुडवला जाऊन मरतो, असा आपला समज आहे. पुष्कळदा तसे नसते. दोन्हीकडून इतका दाब येतो, की छाती फुगायला जागा उरत नाही. उभ्या उभ्याच श्वास कोंडतो. मागच्या माणसाला हे दिसतही नाही. तो आपला पुढे रेटतच असतो.

आता हिशेब करू. समजा, शाळेचे पटांगण ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद आहे. ४० गुणिले २५ म्हणजे १००० चौरस मीटर. त्यातली पाव जागा व्यासपीठ आणि वाटा यांसाठी सोडा. राहिली ७५० चौरस मीटर. प्रत्येक चौरस मीटरात दोन माणसे बसली, तर १५०० माणसे झाली. हा झाला आपल्या पटांगणाचा आकडा. त्याहून जास्त माणसे येतील असे वाटले, तर मोठे मैदान घ्या, नाहीतर कार्यक्रम दोन दिवस करा.

बाहेर जाण्याच्या वाटेचाही हिशेब असतो. एक मीटर रुंद सपाट वाटेने एका मिनिटात साधारण ६० ते ८० माणसे नीट चालत जातात. दोन मीटरचे एकच फाटक असेल, तर १५०० माणसांना बाहेर पडायला दहा-बारा मिनिटे लागतील. दोन बाजूंना दोन फाटके ठेवली, तर पाच-सहा मिनिटे पुरतील. म्हणून वाटा निदान दोन हव्यात आणि त्या वेगवेगळ्या बाजूंना हव्यात. तिथे खेळण्यांची आणि भज्यांची दुकाने लावू देऊ नका. मोटरसायकली उभ्या करू देऊ नका. रुग्णवाहिकेची वाट वेगळी राखा.

वाट उतरणीची किंवा पायऱ्यांची असेल, तर धोका फार वाढतो. केरळात कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी गाण्याचा कार्यक्रम होता. एकाएकी पाऊस आला. बाहेर उभे असलेले लोक आसऱ्यासाठी आत घुसले. खाली पायऱ्या होत्या. पुढचे पडले, त्यांच्यावर मागचे पडले. ४ जण मेले. कोणी भांडले नव्हते, कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. नुसता पाऊस आला होता. पाऊस आला तर लोक कुठे जातील, हे आधीच ठरवायचे असते ते याचसाठी.

मांडव आणि वीज

राजस्थानात बाडमेरकडे जसोल गावी २३ जून २०१९ रोजी रामकथा चालू होती. वादळ सुटले आणि मांडव कोसळला. १४ माणसे मेली. काही मांडवाखाली सापडली, काहींना विजेचा धक्का बसला. वारा आणि वीज एकत्र आली की असे होते.

म्हणून मांडव नीट बांधून घ्या. खांब खोल रोवा, चारी बाजूंनी दोर ताणून खुंट्यांना बांधा. मांडव विजेच्या तारांखाली कधीही घालू नका. वीज महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊन वापरा. आकडा टाकून वीज घेणे ही चोरी आहेच, शिवाय तो मरणाला दिलेला आकडा आहे. लोखंडी खांबांना आणि ध्वनिक्षेपकाच्या पेट्यांना आर्थिंग करून घ्या. विजेची गळती झाली की आपोआप बंद पडणारा खटका मिळतो. वायरमन त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात. तो बसवलाच पाहिजे. तारा ओल्या जमिनीवर, माणसांच्या पायाखाली सोडू नका. जनरेटर मांडवापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा. त्याच्या धुरात न दिसणारा विषारी वायू असतो. जवळ वाळूच्या बादल्या ठेवा.

कर्ण्यांच्या अगदी पुढे लहान मुलांना बसवू नका. त्यांचे कान कोवळे असतात. मोठ्या आवाजाने गेलेले ऐकू येणे पुन्हा येत नाही.

थांबवणार कोण?

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. सावली, पाणी, वाट, वीज, सगळे ठीक असूनही काहीतरी बिघडते. त्या वेळी "थांबा" म्हणणारा कोणीतरी लागतो.

श्रोते आपण होऊन उठत नाहीत. चारचौघांत उठून जायला माणूस लाजतो. देवाचे काम असेल, तर मधून उठणे पाप वाटते. बायका तर तहान लागली तरी बोलत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. म्हणून लोक गप्प बसले आहेत म्हणजे सगळे ठीक आहे, असे कधी समजू नये. आणि हो, बायकांसाठी आडोसा आणि पाणी असलेली वेगळी सोय आधी करावी.

समजा, गावात बैठक बसली आहे. डबलबारी ठरते आहे.

गुरुजी म्हणाले, "पाटील, काही वेळ आली तर कार्यक्रम थांबवायचा कोणी?"

पाटील म्हणाले, "अहो, बुवांचं भजन रंगात आलेलं असणार. त्यांना थांबवायचं कसं? त्यांचा अपमान नाही का होणार?"

एक आजी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाटील, बुवांना आधीच सांगून ठेवा ना. लाल दिवा दिसला की पेटी बंद करायची. मग कसला अपमान? माणूस मेल्यावर कसलं आलंय भजन!"

आजींचे म्हणणे सर्वांना पटले.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नाही. डेन्मार्क देशात रोस्किल्ड येथे दरवर्षी गाण्याचा मोठा उत्सव भरतो. ३० जून २००० रोजी तिथे गर्दी पुढे रेटली आणि माणसे चिरडली. गाणाऱ्याने गाणे थांबवले, लोकांना मागे सरायला सांगितले. पण तोवर उशीर झाला होता. ८ जण तिथेच गेले, नववा पुढे दवाखान्यात वारला. गाणारा ऐकणारा असला, तरी त्याला वेळेवर सांगणारा लागतो.

म्हणून एक माणूस नेमा. तो शांत डोक्याचा असावा. त्याने गाणे ऐकायचे नाही, लोकांकडे पाहायचे. त्याचा शब्द सरपंच, बुवा आणि मंत्री या सर्वांनी पाळायचा. गर्दीत जागोजागी स्वयंसेवक उभे करा. त्यांनी त्याला खबर द्यावी. थांबवताना कर्ण्यावरून "पळा, पळा" असे ओरडू नये. शांतपणे सांगावे, "मंडळी, बसून राहा. मागच्या रांगा आधी उठतील."

कार्यक्रमाआधी पोलिस ठाण्यात अर्ज करा. आरोग्य केंद्राला कळवा. मग हे सगळे एका कागदावर लिहा: काम काय, कोण करणार, त्याचा फोन नंबर काय. आता आपल्याला लिहिता येते. तोंडी सांगितलेले विसरते, कागदावरचे राहते. तो कागद मांडवाच्या दारात लावा.

कार्यक्रम झाल्यावर लोक म्हणतात, "काय गायले बुवा!" ते म्हणावेच. पण आलेली सर्व माणसे धडधाकट घरी गेली, तरच कार्यक्रम पार पडला असे समजा.

सांगा पाहू

१. दमट हवेत अंग लवकर का तापते?
२. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी का घालू नये?
३. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानातली पाव जागा सोडली, तर उरलेल्या जागेत किती माणसे नीट बसतील?
४. तुमच्या गावच्या जत्रेच्या मैदानाला वाटा किती आहेत? त्या मोकळ्या असतात का?
५. तुमच्या गावात "थांबा" म्हणायला कोणाला नेमाल? का?

करा

पुढच्या कार्यक्रमाआधी चौघे मिळून मैदानावर जा. दोरीने मैदान मोजा. माणसांचा आकडा काढा आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.