महाराष्ट्रातील अशनी : आकाशातून आलेला ठेवा

रात्रीच्या आकाशात क्षणभर चमकून नाहीशी होणारी प्रकाशरेषा म्हणजे उल्का, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बहुतेक उल्का वातावरणातच जळून जातात. क्वचित एखादा खंड पूर्णपणे न जळता भूमीपर्यंत पोहोचतो. त्यास अशनी असे म्हणतात. सूर्यमाला आकारास येत असताना, म्हणजे सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी घडलेले द्रव्य त्यात टिकून असते. म्हणूनच मूठभर वजनाचा अशनीही शास्त्रज्ञांच्या दृष्टीने अमोल होय.

काळ्या दगडाच्या प्रदेशात

अंटार्क्टिकाच्या बर्फावर किंवा सहाराच्या वाळूवर पडलेला काळा दगड सहज नजरेत भरतो. त्यामुळे शेकडो, हजारो वर्षांपूर्वी पडलेले अशनीही तेथे सापडतात. महाराष्ट्राची स्थिती याहून वेगळी आहे. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्ट या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. हा पाषाणही वजनदार असून त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात. त्यातच दरवर्षीच्या पावसाने अशनीतील लोहाला गंज चढतो. पडताना कोणी पाहिला नाही, तर असा दगड येथे ओळखू येणे दुरापास्तच. सारांश, आपल्याकडे अशनीचा पहिला निरीक्षक हा प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नसून शेतात काम करणारा ग्रामस्थ असतो.

जुन्या नोंदी

एकोणिसाव्या शतकातील नोंदी हेच दर्शवितात. खानदेशातील माणेगाव येथे १८४३ मध्ये, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १८६६ मध्ये, धुळ्याकडील भागूर येथे १८७७ मध्ये आणि सातारा जिल्ह्यातील कळंबी येथे १८७९ मध्ये अशनी पडल्याची नोंद आहे. माणेगावचा अशनी डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारचा असून, या प्रकारचे अशनी वेस्टा या लघुग्रहापासून आले असावेत असे मानले जाते. जामखेडच्या अशनीचा जतन झालेला अंश मात्र अवघ्या काही ग्रॅमचा आहे. नोंद राहिली, पण अभ्यासाची सामग्री फारशी उरली नाही.

लोणार : आघात आहे, अशनी नाही

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून ते बेसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने निर्माण झाले आहे. प्रचंड दाबाखालीच तयार होणारा मॅस्केलिनाइट हा काचमय पदार्थ तेथे आढळला आणि १९७३ मध्ये या आघाताचा भक्कम पुरावा पुढे आला. मूळ अशनीचा खंड मात्र तेथे सापडलेला नाही. तरीही दगड बोलतात. नवी मुंबईत नवीन पनवेल येथे असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी लोणारच्या बेसाल्टचे चुंबकीय गुणधर्म तपासले. तो आघात पूर्वेकडून तिरक्या दिशेने झाला असावा, या निष्कर्षास त्या अभ्यासाने पुष्टी मिळाली.

काटोलचा धडा

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसर मोठ्या आवाजाने हादरला आणि पाठोपाठ दगड पडले. ग्रामस्थांनी ते पाहिले, वार्ता पसरली आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नमुने गोळा केले. हाती आलेल्या खंडांचे एकूण वजन सुमारे १३ किलोग्रॅम भरले. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच ताजे नमुने मिळाले, ही मोठी जमेची बाजू होती.

त्याचे फळ पुढे दिसून आले. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काटोलच्या अशनीत त्यांना ब्रिजमनाइट हे खनिज आढळले. पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरहून अधिक खोलीवर हे खनिज विपुल आहे. पण तेथवर मानवाचा हात पोहोचू शकत नाही. अवकाशातील टकरीच्या दाबाने घडलेले तेच खनिज काटोलच्या शिवारात येऊन पडले होते.

ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतात ?

आकाशातून पडणारी प्रत्येक वस्तू अशनी नसते. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे पडलेले मोठे धातूचे कडे अग्निबाणाचा अवशेष असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. अशा वस्तूस हात न लावता पोलिसांना कळवावे. भट्टीतील लोहकीटही पुष्कळदा अशनी समजले जाते. परंतु त्यात बुडबुड्यांची छिद्रे असतात. ताज्या अशनीत ती सहसा नसतात. त्यावर जळाल्यासारखे पातळ काळे कवच असते आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो.

अशनी पडल्यास वेळ, ठिकाण, आलेली दिशा व खड्ड्याची खोली लिहून ठेवावी आणि शक्य तर छायाचित्र घ्यावे. दगड धुऊ नये, फोडू नये, वाटून घेऊ नये. त्याला चुंबकही लावू नये. त्यामुळे त्यातील मूळ चुंबकीय खुणा पुसल्या जातात. तो स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा व तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. देशातील अशनींच्या जतनाचे कार्य याच संस्थेकडे असून तिचे विभागीय कार्यालय नागपूर येथे आहे.

अशनी केव्हा व कोठे पडेल हे सांगता येत नाही. तो पडेल त्या दिवशी गावात एक जाणता शिक्षक किंवा दक्ष सरपंच असला, तरी कोट्यवधी वर्षांचा हा ठेवा अभ्यासकांच्या हाती सुखरूप पोहोचू शकेल.