एस्टक्यूब-१ : किलोभर वजनाची अवकाश प्रयोगशाळा

बाल्टिक किनाऱ्यावरील एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम १३ लाख. या देशाचा पहिला उपग्रह ‘एस्टक्यूब-१’ ७ मे २०१३ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून ‘वेगा’ प्रक्षेपकाद्वारे अवकाशात गेला. सुमारे १० सेंटिमीटर बाजूचा हा ठोकळा प्रामुख्याने तार्तू विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी घडविला होता.

फिनलंडचे शास्त्रज्ञ पेक्का यानहुनेन यांनी मांडलेल्या ‘विद्युत सौरवात शीड’ या संकल्पनेची चाचणी हा त्याचा मुख्य उद्देश. सौर शीड आणि हे शीड यांत परीक्षार्थींची अनेकदा गल्लत होते. सौर शिडाला प्रकाशाचा दाब ढकलतो. येथे मात्र सूर्याकडून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने येणारे प्रोटॉन धनभारित तारेमुळे विचलित होतात व त्यांच्या संवेगाचा काही अंश तारेला मिळतो. इंधन जाळावे लागत नाही. अर्थात, पृथ्वीच्या चुंबकावरणामुळे निम्न कक्षेत सौरवात पोहोचत नाही. म्हणून आयनांबरातील प्लाझ्माचा तारेवर होणारा परिणाम मोजण्याचे ठरले.

त्यासाठी १० मीटर तार उलगडणे आवश्यक होते. उपग्रहाला सेकंदाला दोनहून अधिक गिरक्या देण्यात आल्या. परंतु रीळ फिरलेच नाही. इलेक्ट्रॉन गन मात्र चालली. २०१५ मध्ये मोहीम संपली. तिला सरसकट अपयशी ठरविणे घाईचे होईल; एवढ्या लहान उपग्रहावर असे धाडस परवडते, हेच त्याचे प्रयोजन.

२०१७ मध्ये श्रीहरिकोटाहून ‘पीएसएलव्ही-सी३८’ने नेलेल्या फिनलंडच्या ‘आल्टो-१’वरही अशीच तार होती, तीही उलगडली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘एस्टक्यूब-२’ तर प्रक्षेपकापासून विलगच झाला नाही.