जुन्या लॅपटॉपवर कोणते लिनक्स?

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी. विंडोज ११ चढत नाही. लिनक्स वापरून पाहायचे आहे, पण नावे इतकी की गोंधळ होतो. कोणते घेऊ?
– एक वाचक, मानपाडा, डोंबिवली

उत्तर : लिनक्स मिंट घ्या, त्यातही 'एक्सएफसीई' आवृत्ती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून तुमचा प्रश्न वेळेवर आला आहे. मिंटमध्ये खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू असतो. विंडोजची सवय असलेला हात अडखळत नाही. ४ जीबीत एक्सएफसीई बरे चालते, मात्र ब्राउझरमध्ये एकाच वेळी खूप टॅब उघडू नका. जमल्यास जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. वेगात सर्वांत मोठा फरक त्यानेच पडतो.

लगेच इन्स्टॉल करू नका. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा, रिकाम्या ८ जीबी पेनड्राइव्हवर 'रुफस' या प्रोग्रामने चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. हार्डडिस्कला धक्का न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासता येतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्टही जोडून पाहा. सी-डॅकचे 'बॉस' ही आपल्या देशात घडलेली प्रणाली आहे, तिचे मला कौतुक आहे. पण अडल्यावर मदत मिंटची सहज मिळते आणि नवख्याला तीच हवी असते.

टॅली किंवा एमएस ऑफिसवर पोट अवलंबून असेल, तर विंडोज पुसू नका. ती लिनक्सवर थेट चालत नाहीत. आणि इन्स्टॉल करण्याआधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवाच.