एक वाडगा शेवया

उन्हाळा आला की आपल्या घरोघरी शेवया होतात. पीठ मळायचे, ओढायचे, वाळवायचे. हे काम तुमच्या ओळखीचे आहे. चीन देशातही अशाच शेवया करतात. आपल्याकडे त्यांना नूडल्स म्हणतात. पण तिकडे त्या खिरीत घालत नाहीत. तिखटमिठाच्या रश्शात घालतात.

चीनमध्ये पिवळ्या नदीच्या काठी लानचौ नावाचे शहर आहे. तिथे गल्लोगल्ली शेवयांची साधी दुकाने आहेत. कामावर जाणारी माणसे सकाळी तिथेच न्याहारी करतात. आधी पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीत द्यायची.

खिडकीपलीकडे कारागीर उभा असतो. गव्हाच्या पिठात तो पाणी, मीठ आणि थोडा खार घालतो. आपण पापडात खार घालतो ना, तसेच हे. खारामुळे पीठ ताणले जाते, तुटत नाही. मग तो पिठाची वळी दोन्ही हातांनी ओढतो. ओढून दुमडतो. एकाचे दोन पदर झाले. पुन्हा ओढले, चार झाले. पुढे आठ, मग सोळा. आठ वेळा दुमडले की २५६ पदर होतात! बोटांवर मोजून पाहा. पट्टा रुंद हवा की केसासारखा बारीक, हे गिऱ्हाईक सांगते.

वाडग्यात पाच रंग असावेत, असे तिथले लोक म्हणतात. रस्सा स्वच्छ, मुळा पांढरा, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर व लसणीची पात हिरवी, शेवया पिवळ्या. रस्सा गोमांसाचा असतो. आपल्यापैकी पुष्कळांना तो चालणार नाही. पण कसब पाहण्याजोगे आहे.

हे गरिबाचे अन्न आहे. म्हणून त्याच्या भावाला फार महत्त्व. २००७ साली तिथल्या दुकानदारांनी भाव वाढवला. लोक कुरकुरू लागले. तेव्हा सरकारने साध्या दुकानातल्या मोठ्या वाडग्याला जास्तीत जास्त अडीच युआन भाव ठरवून दिला. युआन म्हणजे चीनचे नाणे. दुकानदार म्हणाले, पीठ-मांस महागले, आम्ही काय करावे? दोघांचेही खरेच होते. खाणाऱ्याला परवडले पाहिजे, आणि रांधणाऱ्याचेही पोट भरले पाहिजे.

आपल्याकडेही तालुक्याच्या गावी चायनीजची गाडी किंवा दुकान असते. तिथल्या नूडल्स निराळ्या. त्या आधी उकडतात. मग कोबी, ढोबळी मिरची, सोयासॉस घालून मोठ्या आचेवर परततात. एखादे दिवशी खाऊन पाहायला हरकत नाही. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा आधी पाटी वाचा. हाफचा भाव किती, फुलचा किती? परवान्याचा क्रमांक लावला आहे का? तुम्ही मांस खात नसाल तर विचारा, कढई वेगळी आहे का? तेल काळे पडले आहे का, तेही पाहा. विचारायला लाजू नका. पैसे आपले, पोटही आपलेच.

अभ्यास
१. खारामुळे पिठाचे काय होते?
२. पाच वेळा दुमडल्यावर किती पदर होतील?
३. समजा, फुल बशी ९० रुपये आणि हाफ ५० रुपये. दोघांनी दोन हाफ घ्यावे की एक फुल वाटून खावी? किती रुपये वाचतील?