शिष्यवृत्तीची यादी आणि तिच्यानंतरचे काम

लातूर



शालेय स्पर्धा परीक्षेतील यशाला शासनमान्यता मिळते ती तीन गोष्टींतून: गुणवत्ता यादीतले नाव, प्रमाणपत्र आणि खात्यावर जमा होणारी रक्कम. सत्कार, हार, चौकातला फलक हे सगळे आनंदाचे असते, पण शासनाच्या दप्तरी त्याची नोंद नसते. म्हणून यादी लागल्यानंतरचे काम अभ्यासाइतकेच गंभीरपणे करायला हवे, आणि घरोघरी नेमके तेच राहून जाते.

महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. निजामाच्या राजवटीत ज्या भागातल्या मुलांना वरचे शिक्षण मातृभाषेतून मिळणे दुरापास्त होते, तिथे आज ही परीक्षा मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी, तेलुगू आणि कन्नड अशा सात माध्यमांतून देता येते. उर्दू शाळा असलेल्या नांदेड शहराला आणि तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीला याचे मोल अधिक कळते.

परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत होते. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. भाषेला ५०, तर गणित आणि बुद्धिमत्तेला प्रत्येकी १०० गुण आहेत. २०१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मोठ्या भावंडांचे अनुभव जसेच्या तसे न धरता परिषदेची त्या वर्षीची अधिसूचनाच वाचावी.

प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पात्र ठरतो. पात्र ठरणे आणि शिष्यवृत्तीधारक होणे यांत मोठे अंतर आहे. शिष्यवृत्तींचे संच ठरलेले असतात आणि ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या याद्या वेगळ्या लागतात. ही वेगळी यादी म्हणजे या योजनेतला सर्वांत न्याय्य भाग होय. जळकोट किंवा किनवटकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाची तुलना शहरात शिकवण्या लावलेल्या मुलाशी केली जात नाही. मात्र आवेदनपत्रात 'ग्रामीण' ऐवजी 'शहरी' अशी नोंद झाली, तर हाच न्याय हातचा जातो. आधी अंतरिम निकाल लागतो; त्यानंतर ठरावीक दिवसांत शाळेच्या लॉगिनमधून गुणपडताळणीचा अर्ज आणि नाव, आडनाव, क्षेत्र यांची दुरुस्ती करता येते. अंतिम यादीनंतर ही वाट बंद होते. विद्यार्थ्याने अंतरिम निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांकडे जाऊन आपली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. लहान वयात असे विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. हे विचारणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास नव्हे.

२०२३ च्या निर्णयाने रक्कम वाढली: पाचवीच्या शिष्यवृत्तीला वर्षाला ५,००० रुपये तीन वर्षे, आठवीच्या शिष्यवृत्तीला वर्षाला ७,५०० रुपये दोन वर्षे. पैसे थेट खात्यात येतात. खाते विद्यार्थ्याच्या नावाचे, चालू आणि आधारवरील नावाशी जुळणारे असावे. शाळा बदलली तर नव्या शाळेला शिष्यवृत्तीधारक असल्याचे लगेच कळवावे.

आठवीतली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनएमएमएस, केंद्राची आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतील आणि साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती असून महाराष्ट्राचा वाटा ११,६८२ शिष्यवृत्तींचा आहे. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण आपोआप नव्हे. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि पुढे चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. दहावीनंतर गाव सोडून लातूर-नांदेडच्या महाविद्यालयात आलेल्या मुलांचे नूतनीकरण राहण्याचा धोका मोठा असतो. दोन वर्षांचे २४,००० रुपये शेतमजुराच्या घराला लहान नाहीत.

बाकीच्या परीक्षांत शासकीय कोणती, हे तपासून घ्यावे. १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना २०२१ नंतर थांबली आहे. विज्ञान ऑलिंपियाडचे काम मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. नावसाधर्म्य असलेली 'बालवैज्ञानिक' स्पर्धा मात्र मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची आहे. ती दर्जेदार आहे, पण शासकीय नाही. 'राष्ट्रीय' किंवा 'ऑलिंपियाड' हे शब्द कोणीही छापू शकतो. प्रवेशअर्जात शासकीय शिष्यवृत्ती म्हणून काय लिहायचे, हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवरून ठरते.

जिल्हा मुख्यालयी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबरच्या ध्वजारोहणाला गुणवंतांचा गौरव होतो. बोलावणे आले तर शाळेच्या गणवेशात, आईवडिलांना घेऊन जावे. शिकवणी वर्गाच्या फलकावर छायाचित्र द्यायचे की नाही, हा निर्णय मात्र पालकांचा; शिकवले त्यांनाच ते द्यावे.

यादीत नाव न आलेल्या विद्यार्थ्याने नांदेडचे नरहर कुरुंदकर आठवावेत. इंटरच्या परीक्षेत अपयश पदरी आलेले हे गृहस्थ पुढे तिथल्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले.

गुणपत्रक, प्रमाणपत्र, अंतिम यादीचे पान आणि पासबुकातली जमा नोंद यांच्या प्रती एकाच फाईलमध्ये ठेवाव्यात. मूळ प्रत कोणालाही देऊ नये.

तुझा मामा