आधी हात ओळख, मग गाडी घे

येत्या रविवारी अलिबागला ती दोन सीटांची गाडी बघायला निघणार म्हणतोस. जरूर जा. जाताना खिशात टॉर्च, लोहचुंबक, मोजायची टेप आणि लहान हातोडी घे. टोकनचे पैसे मात्र घरी ठेव. पैसे खिशात असले की डोळे गाडीच्या बाजूने साक्ष देतात, हे मी मरोळच्या गॅरेजात चाळीस वर्षं बघत आलोय.

कुर्ल्याला मी ज्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकलो, ते उस्ताद एक गोष्ट नेहमी सांगायचे. कारखान्यातून आलेली जुनी गाडी घ्यायची तर आधीचा मालक बघ, हाताने बांधलेली घ्यायची तर बांधणारा बघ. मारुतीच्या लाखो गाड्या एकाच साच्यातून निघतात. एकीचा रोग दुसरीला बघून कळतो. सुटे भाग जोडून बांधलेल्या किट कारचं तसं नसतं. तिचं प्रत्येक वेल्डिंग आणि प्रत्येक वायर कुणा एका माणसाच्या हातून गेलेली असते. तू गाडीला पैसे मोजणार, पण विकत घेणार तो हात. आता पुढचं सगळं याच धाग्याने ऐक.

ही जात कुठली, ते समजून घे

या घराण्याची मूळ गाडी म्हणजे इंग्लंडची लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमनने ती १९५७ मध्ये आणली. तिथे सुट्या भागांच्या किटवर नव्या गाडीचा खरेदी कर लागत नसे, म्हणून लोक खोक्यातले भाग घरी आणून गाडी जोडत. १९७३ पासून तीच गाडी कॅटरहॅम बनवते. वजन कमी ठेवायचं, म्हणजे साधं इंजिनही पळतं आणि वळणावर गाडी हाताशी राहते, हे तिचं सारं तत्त्व.

आपल्याकडे हा विचार थेट आपल्या किनाऱ्यावर उतरला. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने फायबर बॉडीची उघडी रोडस्टर बनवली. ॲम्बेसेडर १८०० मध्ये यायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन तिच्यात बसवलं. गोव्याची सॅन स्टॉर्म ही तिची लांबची बहीण. तीही फायबरची आणि दोन सीटांची, फक्त इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. अशा मोजक्याच गाड्या निघाल्या, त्यामुळे त्या बाजारात क्वचित येतात. याखेरीज हौशी लोकांनी जुन्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स घेऊन स्वतः बांधलेल्या गाड्या असतात. तुला जाहिरातीत दिसली ती यांपैकी नेमकी कुठली, हे फोनवरच विचारून घे.

कागद आधी, बॉनेट नंतर

गाडीजवळ पोचलास की आधी आरसी बुक माग. त्यावर उत्पादकाचं नाव, मॉडेल, सीटांची संख्या, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर वाच. मग टॉर्च लावून गाडीवरचे दोन्ही नंबर स्वतः वाच. चेसिसवरचा नंबर घासलेला, नव्याने ठोकलेला किंवा वेगळ्या पत्र्यावर वेल्ड केलेला दिसला, तर नमस्कार करून परत ये.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. आरसीवर मारुती किंवा ॲम्बेसेडर लिहिलंय आणि समोर उघडी दोन सीटांची गाडी उभी आहे, असं असेल तर ती रस्त्यासाठी घेऊ नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आपल्या एजंटकडून करून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. अपघात झाला की एजंट कोर्टात तुझ्या शेजारी उभा राहत नाही.

तारखा बघ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाढली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ती सर्वांत जास्त आहे. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. परिवहनच्या ॲपवर गाडीची नोंद, विमा, थकलेली चलनं आणि कर्जाचा बोजा बघून घे. नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर ती आधी विकणाऱ्याने करून द्यावी, कारण त्याशिवाय नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही मिळणार नाही.

व्यवहार झालाच तर फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घे. गाडी पेणच्या आरटीओची, म्हणजे एमएच ०६ असेल, तर बोरिवलीच्या एमएच ४७ ला आणायला ना-हरकत प्रमाणपत्र लागेल का, ते आधीच जाऊन विचार. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर व्हायला हवा. बंद पडलेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, म्हणून सुटे फोटो आणि बिलं जपून ठेव.

मडकं वाजवून घे

आता गाडीखाली जा. ती जॅकवर किंवा लिफ्टवर घ्यायला मालक तयार नसेल, तर पुढे बोलायचं नाही.

एक चूक मी तुला सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका ओळखीच्या गृहस्थांसाठी मी हौशी माणसाने घरी बांधलेली दोन सीटांची गाडी पास केली. रंग आरशासारखा होता, इंजिन घड्याळासारखं चालत होतं. घाईत मी ती उचलून बघितली नाही. महिन्याभराने घोडबंदर रोडवर मागच्या सस्पेन्शनचा ब्रॅकेट चेसिसपासून सुटला. वेग कमी होता म्हणून कुणाला लागलं नाही. वेल्डिंग वरवर धरलेलं होतं आणि त्यावर पुट्टी भरून रंग मारला होता. दोष माझा होता. त्या दिवसापासून गाडी उचलल्याशिवाय मी होकार दिलेला नाही.

कुंभाराकडून माठ घेताना आजी बोटाने वाजवून घ्यायची, तसा चेसिसचा प्रत्येक पाइप हातोडीने हलका वाजव. सुका पाइप खणखणतो, आतून गंजलेला बद्द बोलतो. पाइप बाहेरून रंगवलेला असतो, पण आत साचलेली वाफ त्याला आतूनच खाते, आणि अलिबाग-वर्सोव्याची खारी हवा ते काम दुपटीने करते. लोहचुंबक पाइपवर फिरव. जिथे तो धरत नाही तिथे लोखंड नाही, पुट्टी आहे. सस्पेन्शन, इंजिन माउंट आणि सीटबेल्ट जिथे चेसिसला जोडलेत, ते सांधे टॉर्चने एकेक करून बघ. वेल्डिंगची माळ सारखी, भरीव आणि अखंड असली की हात चांगला. कुठे गुठळी, कुठे खड्डा, कुठे ग्राइंडरने घासून लपवलेलं, तर हात कच्चा.

फायबरला गंज चढत नाही, पण तो चिरतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे एका ठिकाणाहून पसरलेले दिसले तर तिथे मार बसलाय. बॉनेटखालून, चाकांच्या कमानीतून तीच जागा आतून बघ. आतून फायबरची नवीन मॅट चिकटवलेली असेल, तर अपघाताची गोष्ट तुला अजून कुणी सांगितलेली नाही.

वायरिंगमध्ये माणूस दिसतो

बांधणाऱ्याचा स्वभाव सर्वांत लवकर कळतो तो वायरिंगमध्ये. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर चेसिसपर्यंत न्यावी लागते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद होतो का बघ. होत असेल तर अर्थिंग कच्चं आहे. फ्यूज बॉक्स उघड. फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद गुंडाळलेला दिसला, तर हा माणूस बाकी गाडीतही असाच वागला असणार, असं धर.

मग विकणाऱ्याला वही माग. चांगला बांधणारा वही ठेवतो. स्टिअरिंग कुठल्या गाडीचं, ब्रेक कुठल्या, हब, बेअरिंग, क्लच प्लेट कुठली, हे सगळं लिहिलेलं असतं. ही वही हजारो रुपयांची आहे. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे तिचे भाग दर वर्षी आणखी दुर्मीळ होतायत. भाग कुठल्या गाडीचा हे ठाऊक असेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत एका फेरीत काम होतं. ठाऊक नसेल, तर गाडी सहा महिने सोसायटीत कव्हरखाली उभी राहते.

मुंबईचा रस्ता डोळ्यांपुढे ठेव

अलिबागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळेल. तिला आणायचंय संध्याकाळी सात वाजताच्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर. म्हणून टेस्ट ड्राइव्हनंतर बॉनेट बंद ठेवून अर्धा तास इंजिन जागच्या जागी चालू ठेव. पंखा वेळेवर लागतो का, काटा कुठे थांबतो, कूलंट बाहेर येतं का, ते बघ. जी गाडी उभी राहून तापते ती मुलुंडच्या टोलनाक्याआधीच रस्त्याच्या कडेला लागेल.

जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागाची उंची टेपने मोज आणि आपल्या बिल्डिंगच्या उतारावर, गल्लीतल्या गतिरोधकांवर ती चालेल का याचा विचार कर. पावसाळ्याचे चार महिने ती बाहेर काढायची नाही. अंधेरी आणि मिलन सबवेतलं पाणी उंच गाड्यांनाही सोडत नाही.

पेट्रोलच्या पाइपांकडे लक्ष दे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराचे पाइप आणि कार्बोरेटरच्या गास्केटी त्याने लवकर फुगतात आणि चिरतात. गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच बदलायचं. टायरवरचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. अशा गाड्या कमी चालतात, म्हणून टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर आतून वाळलेलं असतं. सहा वर्षांपुढचा टायर मी ट्रॅकवर जाऊ देणार नाही.

वेग ट्रॅकवरच

ट्रॅकसाठीच घ्यायची म्हणत असशील, तर ट्रॅक कुठे आहेत ते बघ. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरला कारी, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. आपल्या जवळ म्हणशील तर तळेगावजवळ नाणोली. दूरच्या ट्रॅकला गाडी चालवत नेऊ नकोस, फ्लॅटबेडवर टाक. जाण्याआधी ब्रेक ऑइल पूर्ण बदल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मुंबईच्या दमट हवेत लवकर ओढतं. पाणी मिसळलेलं ऑइल गरम ब्रेकवर उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं.

पॉलिसीचा कागद बारकाईने वाच. साध्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली, तर खर्च तुझ्या खिशातून जाणार हे धरूनच जा. रोल बार चेसिसला बोल्टने बसवलेला हवा, फायबरला नव्हे. बसून बघ. हेल्मेट घातल्यावर तुझं डोकं रोल बारच्या खाली राहायला हवं. राहत नसेल तर ही गाडी तुझ्या मापाची नाही.

व्यवहार

उस्तादांचा हिशोब असा असायचा: शंभर रुपये जमवलेस तर सत्तर गाडीला, तीस गॅरेजला. सगळे शंभर गाडीला घातलेस तर ती दारात उभी राहील.

एका फेरीत सौदा करू नकोस. पहिल्यांदा बघून ये, दोन दिवस थांब, मग मला घेऊन पुन्हा जाऊ. पटली तर भाऊच्या धक्क्याच्या रो-रो बोटीने तासाभरात ती मुंबईला आणता येईल. रॅम्पवर चढवण्याआधी गाडी खाली आहे हे बोटीवरच्या माणसाला सांग, म्हणजे तो ती सरळ आणि हळू घेईल.

आणि एक शब्द मला देऊन जा. रात्री बारानंतर वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर किंवा आरेच्या रस्त्यावर ही गाडी पळवायची नाही. तिला एअरबॅग नाही, दार नाममात्र आहे आणि बसल्यावर तुझं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीला येतं. वेग हवा तर नाणोलीला ये, मी स्वतः हेल्मेट घेऊन तुझ्या शेजारी बसेन.