नवे हेड बसवण्याआधी जुने का फुटले ते पाहा
(मिनी ट्रॅक्टर असलेल्या सभासदांसाठी)



चार-साडेचार फुटी सरीची लागण वाढली, तसे आपल्या शिवारात १५ ते २५ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टरही वाढले. आंतरमशागत, बाळबांधणी, मोठी बांधणी ही कामे आता बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावरच होतात. सुरू उसाची मोठी बांधणी येते नेमकी एप्रिल अखेर ते जूनमध्ये. याच दिवसांत गट ऑफिसला निरोप येतो, "साहेब, ट्रॅक्टरचं हेड क्रॅक गेलंय, बांधणी थांबली." ऊस एकदा उंच झाला की सरीत ट्रॅक्टर शिरत नाही. आठ-पंधरा दिवस गेले की पाऊस गाठतो, बांधणी राहते आणि ऊस वाऱ्यापावसात लोळतो. म्हणून विषय यंत्राचा असला तरी तो ऊस विकासाच्या पानावर घेत आहोत.

आमचे सांगणे एकच आहे. हेड आपण होऊन फुटत नाही, ते तापून फुटते. तापण्याचे कारण तसेच ठेवून नवे हेड बसवणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाने नवे हेड टाकले आणि महिन्याच्या आत तेही गेले. पाहिले तर रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा आणि माती इतकी बसलेली, की वारा आरपार जातच नव्हता. दोन हेडांचा खर्च झाला, मूळ दुखणे मात्र पाण्याच्या फवाऱ्याने निघण्यासारखे होते.

१) फुटते कसे?

हेड बिडाचे असते. खालून सिलिंडरमधील जाळाची धग, आतल्या पोकळीतून थंड करणारे पाणी, असा त्याचा संसार. पाणी कमी पडले की दोन व्हॉल्वच्या मधला किंवा नोझलच्या भोकाजवळचा अरुंद भाग सर्वात जास्त तापतो आणि चीर बहुधा तिथेच पडते. दुसरे कारण आपल्या हातचे. इंजिन उकळले की माणूस घाईने कॅनमधले गार पाणी ओततो. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखे बीड एकदम आकसते आणि तडकते.

उसाच्या सरीत हा धोका जास्त. ट्रॅक्टर सावकाश चालतो, ओढ जास्त असते, दोन्ही बाजूंच्या उसामुळे वारा लागत नाही आणि वर पाचटाची धूळ.

२) ओळखावे कसे?

बाहेर कुठे गळती नाही, तरी रेडिएटरचे पाणी रोज कमी होते. थंड इंजिनचे झाकण काढून ते चालू केले तर पाण्यात सतत बुडबुडे येतात. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर राहतो. ऑईलची पट्टी काढली तर ऑईल चहासारखे दुधाळ दिसते. यांपैकी काही दिसले तर ट्रॅक्टर चालवू नये, दुधाळ ऑईलवर बेअरिंगे जातात. इंजिन एकदम जाम लागले तर सेल्फ मारत बसू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मात्र हीच लक्षणे नुसते गॅस्केट गेले तरी दिसतात. म्हणून हेड उतरवल्यावर नुसत्या नजरेवर निकाल देऊ नये. वर्कशॉपमध्ये त्याच्या पाण्याच्या वाटा बंद करून, हवेचा दाब देऊन, ते पाण्यात बुडवून तपासतात. बुडबुडा निघाला तिथे चीर. या तपासणीचा खर्च नव्या हेडापुढे काहीच नाही.

बिडाला वेल्डिंग होते, पण त्यासाठी सगळे हेड आधी तापवावे लागते आणि नंतर सावकाश थंड करावे लागते. रस्त्याकडेचे वेल्डिंग चीर वाढवते. एम-सील किंवा रेडिएटरात टाकायची पावडर हा तर इलाजच नव्हे. लहान इंजिनला नवे हेड घेणेच परवडते. जुन्या बाजारातले घेतले तर वरील तपासणीशिवाय बसवू नये.

३) उतरवताना

इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची तार सोडावी. कुलंट जमिनीवर न सांडता घमेल्यात धरावे. ते चवीला गोडसर पण विषारी असते, जनावराने किंवा कुत्र्याने तोंड घातले तर जिवावर बेतते. हेडचे नट बाहेरून मधल्या बाजूला, प्रत्येकी थोडे थोडे ढिले करावेत. एकच नट पूर्ण सोडला तर हेड वाकते. पुशरॉड ज्या जागेचे त्याच जागी परत जावेत, म्हणून पुठ्ठ्याला भोके पाडून नंबराने खोचून ठेवावेत.

४) बसवताना

फिटर आपला ओळखीचा असला तरी मालकाने जवळ उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) ब्लॉकचा माथा खरवडून स्वच्छ करावा, कचरा सिलिंडरमध्ये पडू देऊ नये. सरळ पोलादी पट्टी लांबीत, रुंदीत आणि कोनाकोनात ठेवून खालून फिलर गेज घालून पाहावे. साधारण ०.१ मिलिमीटरचे पान सहज गेले तर माथा वाकला आहे असे समजावे. नेमकी मर्यादा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असते.

(आ) बोल्टच्या भोकांत ऑईल-पाणी राहू देऊ नये, हवेने फुंकून कोरडी करावीत. तळ बंद असलेल्या भोकात द्रव राहून बोल्ट आवळला तर ब्लॉकच फुटू शकतो.

(इ) गॅस्केट नवेच घ्यावे, नोझलचे तांब्याचे वॉशरही नवे. गॅस्केटची वरची बाजू खुणेप्रमाणे वर ठेवावी. पुस्तकात सांगितल्याशिवाय त्याला शेलॅक किंवा ग्रीस फासू नये.

(ई) आवळताना टॉर्क पाना लागतोच. "हाताच्या अंदाजानं बसतंय" हे ऐकू नये. मधल्या नटापासून सुरुवात करून आलटून-पालटून बाहेर जावे आणि तीन फेऱ्यांत आवळावे. समजा पुस्तकात शेवटचा आकडा ६ किलो-मीटर असेल, तर पहिल्या फेरीला २, दुसरीला ४, तिसरीला ६.

(उ) टॅपेट पुस्तकातील मापाने लावावेत, डिझेलची एअर काढावी. ऑईलमध्ये पाणी गेले असेल तर ऑईल व फिल्टर बदलून, काही तास चालवून ते पुन्हा एकदा बदलावे. पुस्तकात सांगितले असेल तर पहिल्या चालीनंतर नट पुन्हा टॉर्कने तपासावेत.

५) आता मूळ कारण

नवे हेड बसले म्हणून लगेच सरीत घालू नये. आधी हे पाहावे: रेडिएटरची जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर फुंकून साफ केली का? फॅनबेल्ट ढिला आहे का? वॉटर पंप गळतो का? झाकणाची स्प्रिंग गेली असेल तर दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते, ते झाकण बदलावे. थर्मोस्टॅट काढून फेकू नये, बिघडला असेल तर नवा घालावा. तापमानाचा काटा बंद असेल तर आधी तो दुरुस्त करावा, कारण संकटाची वर्दी तोच देतो.

बोअरचे क्षाराचे पाणी रेडिएटरात घालू नये. घरात तांब्याच्या बंबाला आतून जशी खर बसते, तशी ती हेडच्या आत बसते आणि पाणी असूनही हेड तापते. कुलंट डब्यावरील प्रमाणात शुद्ध पाण्यात मिसळावे. तयार मिसळलेले असेल तर त्यात पाणी घालू नये.

आणि शेवटचे, ड्रायव्हरला जरूर सांगावे. काटा लाल भागाकडे निघाला की नांगी उचलून ओढ काढावी आणि इंजिन हळू रेसवर ठेवावे. पाणीच संपले असेल तर मात्र लगेच बंद करावे. गरम असताना झाकण उघडू नये, वाफेने तोंड भाजते. अर्धा-पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावरच पाणी घालावे. तेवढ्या वेळात दोन सऱ्या कमी होतील, पण बांधणी पुरी होईल.

तरी मिनी ट्रॅक्टर असलेल्या सर्व सभासदांनी बांधणीच्या आधी एक दिवस काढून रेडिएटर, बेल्ट, झाकण आणि काटा तपासून घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी